मनगटाचं माप

प्रिय भिंगरी,

परवा फोनवर तू विचारलंस, या महिन्यात ब्रेसलेटचं पाकीट कसं नाही आलं, आणि मी म्हणाले, मणी संपलेत. खोटं बोलले. मणी डबे भरून पडले आहेत. तू लगेच म्हणालीस, अगं मग मागव ना, वाट बघतेय मी, आणि मी दारावर कुणीतरी आलंय असं सांगून फोन ठेवला. दारावरही कुणी नव्हतं. एका फोनमध्ये दोन थापा. आपण दोघी फोनवर फार गोड बोलतो गं, आणि त्या गोडव्यात खऱ्याला बसायला जागाच उरत नाही. म्हणून आज कागद घेतला आहे. सावकाश वाच. जावईबापूंना लगेच वाचून दाखवू नकोस. आधी तू वाच आणि मग ठरव.

हे ब्रेसलेटचं वेड माझ्या डोक्यात कसं शिरलं ते तुला अर्धंच ठाऊक आहे. तुझे बाबा गेले आणि वर्ष सरायच्या आत तुझी तिकडे बदली झाली. तू गेलीस त्याचं मला वाईट वाटलं नाही, खरंच नाही. वाईट वाटायचं ते संध्याकाळचं. दवाखान्यातून घरी यायचं, दिवा लावायचा, आणि मग हातांना काही कामच नाही. एकटीचा स्वयंपाक तो किती! एकदा पर्सची चेन बसवायला शिवणसामानाच्या दुकानात गेले, तर दुकानदारीणबाई काउंटरवर बसून मणी ओवत होती. तिची गिऱ्हाइकाकडे मान वर करायची तयारी नव्हती. मला तिचा हेवा वाटला. इतकं कशात तरी बुडून जाता येतं? मी विचारलं, तर तिने तिथल्या तिथे शिकवलं. मणी वाटीत ठेवायचे नाहीत, जाड पंचावर पसरायचे, म्हणजे घरंगळत नाहीत. शेवटच्या गाठीवर नखाला लावायच्या रंगाचा थेंब टाकायचा, म्हणजे गाठ सुटत नाही. त्या संध्याकाळी मी पहिलं ब्रेसलेट ओवलं. वाकडंतिकडं, एका जागी दोन लाल शेजारी शेजारी आलेले. पण घड्याळाकडे पाहिलं तेव्हा जेवायची वेळ टळून गेली होती. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच मी वेळ विसरले होते.

एक झालं, दोन झाली, टोपलीभर झाली. करायचं काय त्यांचं? मग मी वाटत सुटले. एक दरमहा तुला, आणि बाकी सगळी दवाखान्यात. आमचा दातांचा दवाखाना तू पाहिला आहेस, औषधांच्या दुकानाच्या वर, पुढून रुंद जिना आणि मागून लोखंडी. माणसं आम्ही चारच. डॉक्टरीणबाई, त्यांच्या हाताखालची मदतनीस मुलगी, मागच्या खोलीत दातांचे साचे करणारा आमचा साचेवाला, आणि समोरच्या टेबलाशी पेशंटांची नावं घेणारी मी. प्रत्येकाला मी सात-आठ तरी दिली असतील. मदतनीस मुलीला तिच्या ड्रेसच्या रंगांची, डॉक्टरीणबाईंना फिकट, शोभतील अशी. साचेवाल्याला काळ्या-करड्या मण्यांची, कारण पुरुष माणूस, त्याला भडक नको. आणि काय सांगू, सगळे घालायचे. सकाळी मी जिना चढून आले की तिघांच्याही हातात माझं काहीतरी असायचंच. डॉक्टरीणबाई पहिला पेशंट येईपर्यंत घालायच्या, मग हातमोजे चढवायचे म्हणून काढून ठेवायच्या. मला वाटायचं, आपल्याला माणसं चांगली भेटली. तशी ती आहेतच चांगली. तिथेच तर घोटाळा झाला.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी वरच्या मजल्यावरचे काका गाडी घेऊन निघाले होते, त्यांनी मला सोडलं. त्यांना वळून जायला सोपं म्हणून मागच्या गल्लीत सोडलं. मी लोखंडी जिन्याने वर गेले. मागचं दार उघडंच होतं. आत पाऊल टाकणार, तेवढ्यात मदतनीस मुलीचा आवाज आला. ती पुढच्या खिडकीशी उभी होती. म्हणाली, "बस आली. चला, बेड्या चढवा." बस म्हणजे मी रोज येते ती. साचेवाल्याच्या खोलीच्या दारामागे एक खिळा आहे, त्यावर मी डबे पुसायचं फडकं असतं असं समजत होते. त्या खिळ्यावर माझी सगळी ब्रेसलेटं एका दोरीत ओवून टांगलेली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज माझ्या वाट्याला कुठली?" मुलगी म्हणाली, "आज शुक्रवार, भोपळी." आणि तिघं हसले.

वाईट हसणं नव्हतं ते, भिंगरी. वाईट असतं तर मला राग आला असता, आणि रागाला निदान ताठ उभं राहता येतं. रोजचं काम हसतखेळत उरकावं, तसे ते हसले. लहान मुलाला औषध पाजायच्या आधी मोठी माणसं एकमेकांकडे बघून हसतात ना, तसे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मी काय केलं असेल? मी दबक्या पावलांनी तो लोखंडी जिना उतरले, इमारतीला वळसा घातला आणि पुढच्या जिन्याने वर आले. पाय आपटत आले. वर एकदा खोकलेसुद्धा, म्हणजे कुणाचं घालायचं राहिलं असेल तर त्यांना वेळ मिळावा. आत गेले तर तिघांचेही हात नटलेले. डॉक्टरीणबाईंच्या हातात भोपळी, म्हणजे मी दिलेलं फिकट केशरी. त्या म्हणाल्या, "या, आज तुमचं हे किती खुलतंय बघा." आणि मी म्हणाले, "तुमच्या हातातच ते खुलतं." हे मी म्हणाले गं. माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं, त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटली.

मग टेबलाशी बसून मी मागचं सगळं उकरायला लागले. मीच गळ्यात पडत होते का? नवीन ब्रेसलेट दिलं की समोर उभी राहायचे, घालून दाखवेपर्यंत हलायचे नाही. एकदा डॉक्टरीणबाई विसरल्या होत्या, तर मी दुपारपर्यंत तोंड पाडून बसले होते. त्यानंतर त्या कधी विसरल्या नाहीत. मला तेव्हा वाटलं होतं, किती जाण आहे यांना. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते मी नेहमी समोरच्या भिडस्त माणसाबद्दल ऐकलं होतं. पण त्याच्या भिडेवर जगणारी मी, मी कोण मग? दरमहा थोडं थोडं कौतुक मागून आणत होते, आणि मला वाटत होतं मी देतेय.

पुढचे काही दिवस माझे फार वाईट गेले. त्यांच्या मनगटांकडे बघवेना आणि बघितल्याशिवाय राहवेना. नवीन काही नेणं मी बंद केलं. आठवड्याभराने मदतनीस मुलीने विचारलं, "मावशी, नवीन काही नाही का केलंत?" मी म्हणाले, डोळ्यांना त्रास होतो हल्ली. डॉक्टरीणबाई हळहळल्या, डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबरही देते म्हणाल्या. पण त्याआधी क्षणभर त्यांचा चेहरा जो सैल झाला, तो मी पाहिला. परीक्षा पुढे ढकलली गेल्यावर मुलांचा होतो तसा. आणि तरी रोज सकाळी खिळ्यावरची जुनी चालूच होती. मला सांगायची त्यांची हिंमत नव्हती आणि थांबवायची माझी. घरी मणी ओवायच्या टेबलाकडे जाणंही मी सोडलं होतं. पंचा गुंडाळून कपाटात टाकला. पुन्हा त्याच रिकाम्या संध्याकाळी सुरू झाल्या.

अखेर गेल्या आठवड्यात मंगळवारी तोंडातून गेलंच. ठरवलं काहीच नव्हतं. मी वर आले, तिघं चहाचे कप घेऊन उभे होते, हात नटवून. मी पर्स ठेवली आणि म्हणाले, "त्या बेड्या काढून ठेवा आता. मला माहीत आहे." मदतनीस मुलगी रडायला लागली. डॉक्टरीणबाईंचा चेहरा लालबुंद झाला, आणि त्या म्हणाल्या, "आम्हाला तुम्हाला दुखवायचं नव्हतं हो." मी म्हणाले, "ते ठाऊक आहे मला. दुखवायचं असतं तर बरं झालं असतं." मला वाटलं, आता धरणी दुभंगून पोटात घेईल तर सुटेन. पण धरणी काय, दवाखान्याची फरशी कसली दुभंगतेय. पेशंट यायची वेळ झाली, मी नावं लिहायला बसले.

दुपारी साचेवाला माझ्या टेबलाशी आला. हा माणूस बोलत नाही. इतक्या वर्षांत आमचं बोलणं म्हणजे "साचा झाला" आणि "पेशंटला कळवते" एवढंच. त्याने खुर्ची ओढली आणि बाही वर केली. मनगटाभोवती पुसट लालसर वळ होता. म्हणाला, "घट्ट होतं. सगळीच घट्ट होती. तुम्ही तुमच्या मनगटाच्या मापाने करता." खरंच होतं ते. मी प्रत्येक ब्रेसलेट माझ्याच हाताला लावून बघायचे, आणि माझं मनगट म्हणजे काडी. मी म्हणाले, सैल करून देऊ का? तो म्हणाला, "नको. मला हातात काही घातलेलं आवडत नाही. घड्याळसुद्धा मी खिशात ठेवतो." मग म्हणाला, "पण तुमचं ओवणं चोख आहे. एकही मणी इकडचा तिकडे नाही. ते मी मनापासून सांगतोय." आणि उठून गेला.

भिंगरी, त्याने माझी वस्तू मला तोंडावर परत केली, आणि मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू. आतापर्यंत मिळालेलं सगळं "किती छान, किती छान" एका पारड्यात टाकलं तरी त्या माणसाचं "नको" भारी ठरलं असतं. कारण त्याने नको म्हटलं, म्हणून तर मला त्याचं चोख खरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिघांचेही हात मोकळे होते. मला लाज वाटली, अजून वाटते. जिना चढताना अजून पाय जड होतात. डॉक्टरीणबाई माझ्याशी जपून बोलतात आणि मी त्यांच्याशी. पण साचेवाला आता चहाला माझ्या टेबलाशी येऊन बसतो आणि चहा कसा बिघडलाय ते मला सांगतो. मीच करते तो चहा.

आता तुझ्याकडे येते. त्या मंगळवारपासून मला एकच गोष्ट सारखी दिसतेय. आपण व्हिडिओवर बोलतो तेव्हा तू फोन उचलतेस आणि म्हणतेस, "आई, एक मिनिट," आणि उठून जातेस. मी रिकाम्या खुर्चीकडे बघत बसते. मला वाटायचं, गॅस बंद करायला जात असशील, नाहीतर दार लावायला. परत येतेस तेव्हा केस सारखे करतेस, आणि हात असा गालाशी धरतेस की मला मनगट दिसावं. आता मला कळतं की तू कुठे जात होतीस. आणि जावईबापू मधेच डोकावून मोठ्याने म्हणतात, अरे वा, आज निळं! बिचारे. तुम्हीही आपसात काय म्हणता गं? नको, ते सांगू नकोस. मला राग आलेला नाही. तू माझीच मुलगी, माझं पडलेलं तोंड तुला माझ्याआधी दिसतं. लहानपणी मी रुसले की तू पाटी-पुस्तक टाकून माझ्याभोवती गिरक्या घ्यायचीस, मी हसेपर्यंत. त्यावरून तर तुझं नाव भिंगरी पडलं. आम्ही सगळ्यांना कौतुकाने सांगायचो. तेव्हा मला कळायला हवं होतं की लेकरू दमतंय.

तर हे पत्र ब्रेसलेटचं नाही. तुम्ही दोघांनी मला कायमचं तिकडे राहायला बोलावलं आहे, मागची खोली रंगवून ठेवली आहे, आणि उत्तर मागून किती दिवस झाले. मी टाळतेय, आणि तुला वाटतंय हे घर सुटत नाही म्हणून. घराचं काही नाही. मला तुमच्याजवळ यायचं आहे, मनापासून यायचं आहे. पण महिन्यातून एकदा एक मिनिट उठून जाणं वेगळं, आणि रोज सकाळी माझ्या खोलीचं दार वाजलं की घरभर धावपळ होणं वेगळं. मी बाहेर यायच्या आत तुम्ही दोघं चेहरे नीट करणार, आवाज खाली घेणार, मला आवडेल तेच बोलणार, आणि मी पाय आपटत, खोकत, तुम्हाला वेळ देत बाहेर येणार. तसं घर मला नको आणि तुझ्यावर लादायचंही नाही. म्हणून माझं उत्तर असं आहे. एक पत्र लिही. फोन नको. त्यात माझी अशी एक गोष्ट लिही जी तुला सोसवत नाही, आणि जी तू आजवर मला सांगितलेली नाहीस. एकच पुरे. गोड शब्दांत गुंडाळू नकोस, खाली "पण तू खूप चांगली आहेस" असं लिहू नकोस. मी ते वाचेन, बहुतेक रडेन, एखादा दिवस तोंड पाडून बसेन, आणि ते तुला दिसणार नाही. मग सामान बांधायला घेईन. आणि नाहीच लिहिता आलं, तर तसं कळव. मग मी पूर्वीसारखी चार दिवस पाहुणी म्हणून येईन, आणि तुला भेटून परत जाईन.

तुझीच,
आई