तिसऱ्या भुयाराचा नकाशा

सोम., ६ जाने. सातारा
सकाळी अभीचा पुण्याहून फोन. दादाचा एकुलता एक, माझा भाचा.
"आत्या, शिवरात्र झाली की बाबांना पुण्याला हलवतोय. चांगली जागा बघितलीय. चोवीस तास सांभाळायला माणसं असतात."
"दादाला विचारलंस?"
"विचारलं की. बरं म्हणाले."
अरे बाबा! सप्टेंबरात अर्धांग झाल्यापासून दादाच्या तोंडात तेवढा एकच शब्द उरलाय. चहा देऊ का, बरं. चहा नको ना, बरं. ऊस पेटला म्हणून सांगितलं तरी बरंच म्हणेल. ह्याला होकार म्हणायचं?
डॉक्टर म्हणाले, त्यांना कितपत समजतंय ते सांगता येत नाही. अभीनं गृहीतच धरलं की समजत नाही. पोरगं वाईट नाही. आष्ट्यात वहिनी एकटी त्याला उचलते-बसवते, तिची कंबर गेलीय, तेही खरं. पण दादाला न विचारता...
"शिवरात्रीपर्यंत वेळ दे मला," म्हटलं. काय करणार, मलाच ठाऊक नव्हतं. दिला म्हणाला.

बुध., ८ जाने.
दुकानात झेरॉक्सला कुत्रं फिरकलं नाही. माळ्यावरची पेटी काढली. खाली, आईच्या साडीत गुंडाळलेली, शब्दांची वही.
अण्णा, आमचे वडील, पलटणीतून हवालदार म्हणून सुटले आणि पोवई नाक्याजवळ एका कॉम्प्युटर क्लासात राखणदार झाले. मी तेव्हा नववीत, दादा अकरावीत. रविवारी क्लास बंद. आम्ही दोघांनी फरशी पुसायची, मशीनवरचे कापडी झगे झटकायचे, आणि त्या बदल्यात एक मशीन, एक तास. काळा पडदा, हिरवी अक्षरं. चित्र म्हणून एक नाही. तुम्ही भुयाराच्या तोंडाशी उभे आहात, असं इंग्रजीत यायचं आणि पुढं चौकोन लुकलुकत बसायचा. आपण दोन शब्द टाकायचे. एक काम, एक वस्तू. दिवा घे. दार उघड. तीन फ्लॉप्या, तीन भाग. आम्ही तिन्हींना भुयारच म्हणायचो.
इंग्रजी मला कुठलं यायला! चुकीचा शब्द टाकला की मशीन म्हणायचं, मला कळलं नाही. मी चिडायची, "येडं हाय हे." दादा म्हणायचा, "येडं न्हाई गं नंदे. त्याचा शब्द आपल्याला गावंना." म्हणून ही वही. मशीनला कळणारा एकेक शब्द धरून आणलेला. माझं इंग्रजी, माझं टायपिंग, हे दुकान, सगळं ह्या वहीतून निघालेलं. कॉलेजचं तोंड मी पाहिलं नाही.
आणि अण्णा दारात. एसीची खोली, धूळ चालायची नाही, पायताण बाहेर. एकदा कुणी बडे साहेब बुटासकट आत निघाले तर अण्णांचा हात आडवा. साहेबांनी मुकाट्यानं नाड्या सोडल्या! पुढं कितीतरी दिवस दादा घरात मिशा पिळून, हात आडवा करून नक्कल करायचा. आईला म्हणायचा, "चप्पल काढ!" आईनं एकदा काढली आणि त्याच्याच पाठीत घातली.
वही मिटताना डोक्यात आलं. दोनच शब्द लागतात त्या खेळाला.

शुक्र., १० जाने.
खेळाचं नाव आठवेना. वहीच्या पहिल्या पानावर खेळाचं पहिलं वाक्य उतरवलेलं होतं, तेच जसंच्या तसं इंटरनेटवर टाकलं. दोन दिवस भलतंसलतं येत राहिलं. आज दुपारी सापडलं! कुणा भल्या माणसानं तिन्ही भाग चालतील असे ठेवलेत. लॅपटॉपवर उघडलं. तीच हिरवी अक्षरं, तोच लुकलुकता चौकोन.
हे म्हणाले, "आजारी भावाला खेळ नेतीस?"
म्हटलं, "गोळ्या वहिनी देते. मी मला येतं ते देते."
मंगळवार ते गुरुवार दुकान ते बघणार. झेरॉक्स काळी आली तर गिऱ्हाइकाला दरडावू नका, एवढं सांगितलं.

मंगळ., १४ जाने. संक्रांत. आष्टा
सकाळची एस्टी. पेठ नाक्यापासून उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगत पोचले.
दादाची खाट सोप्यात, घराच्या पुढच्या खोलीत. येणारा-जाणारा तिळगूळ हातावर ठेवतो आणि म्हणतो, गोड बोला. दादा म्हणतो, बरं. शेजारचा एकजण तर कानात ओरडला, "काका, बोला की कायतरी!" बहिरा आहे का तो? माझंच डोकं फिरलं. बाहेर काढला त्याला.
लॅपटॉप मांडायच्या आधी हात आपोआप पायाकडं गेला, चप्पल उंबऱ्याबाहेर ठेवली.
वहिनी म्हणाली, "आवं वन्सं, सोप्यात कोण काढतंय? रानातनं समदी तशीच येत्यात."
दादानं माझ्या पायांकडं पाहिलं. पाहिलंच. वहिनी म्हणते, "बघत्यात ओ असंच कुठंबी."
खेळ उघडला. वाचून दाखवला, मराठीत सांगितला. "दिवा घेऊ?" बरं. "दिवा टाकून देऊ?" बरं. मग डोळे मिटले त्यानं.
असू दे. पहिल्या रविवारी आम्हाला तरी कुठं भुयाराचं तोंड ओलांडता आलं होतं.

सोम., २० जाने. सातारा
चूक माझी. हो का नाही, असं विचारलं की त्याला बरं म्हणायला जागा मिळते. ती जागाच ठेवायची नाही.
दुकानात उरलेल्या जाड पुठ्ठ्याचे तुकडे कापले. एकेकावर एकेक शब्द, मोठ्या अक्षरात. घे. उघड. जा. ठेव. दिवा. दोरी. किल्ली. दादानं डाव्या हातानं दाखवायचं, मी इंग्रजीत टाकायचं. उजवा हात गेला तर गेला.

बुध., २२ जाने. आष्टा
पुढं खड्डा आलाय, खाली उतरायचंय, असं वाचलं आणि गप्प बसले. लय वेळ. वहिनी भाकरी थापून बाहेर आली तरी मी गप्पच.
डावा हात उठला. पुठ्ठ्यांवरून फिरला. दोरी. मग थांबला, परत फिरला. घे.
अभीला फोन केला. "आत्या, सात-आठ पुठ्ठ्यांतला एक लागणारच की. योगायोग असेल."
असेल. उद्या वीस पुठ्ठे मांडते.

गुरु., ३० जाने.
वाईट दिवस. पहिला भाग अर्ध्यावर. मला वाटलं, आता तोंडानं म्हणवून घ्यावं. पुठ्ठा धरला आणि म्हटलं, "दादा, म्हण, दिवा." बरं. "दिवा." बरं. पाचव्यांदा त्यानं सगळे पुठ्ठे खाटेवरून झाडून टाकले. खरकट्यात पडले, चहात पडले. तोंड भिंतीकडं. खांदे हलत होते.
वहिनी तडकली. "नका ओ वन्सं त्रास दिऊ. त्यास्नी बी न् मला बी. मास्तरीण होऊन आलाय व्हय?"
उसाच्या बांधावर जाऊन बसले. मास्तरीणच झाले होते मी. मशीनसमोर आम्ही कधी असं केलं नव्हतं. त्याला जे येतं त्यातूनच वाट काढायची, एवढाच तर नियम होता.
परत आले तर वहिनी पुठ्ठे एकेक पुसून उन्हात मांडत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "ह्यो किल्लीचा लय भिजलाय. दुसरा करा."

रवि., ९ फेब्रु.
सातारला गेलेच नाही. हे दुकान रेटतायत. काल दुसरा भागही संपला. दादा आता पुठ्ठा दाखवतो आणि मी चुकीचं टाकलं तर मांडीवर चापट मारतो.
आज तिसरा भाग. हा आमच्याकडून कधीच झाला नाही, आणि त्याचं कारण कधी कुणाला सांगितलं नाही. इथं लिहून टाकते.
नकाशे दादा काढायचा, कॅलेंडरच्या पाठीवर, पेन्सिलीनं. तिसऱ्या भागाचा नकाशा काढून होईतो त्याची बारावी आली, म्हणून मशीनवर मी बसले. त्याचा नकाशा बघून चालायचं. भूगोलात मला पैकीच्या पैकी. पण प्रत्येक वळणावर मशीन म्हणायचं, तिकडं वाट नाही. चार रविवार गेले. मी म्हटलं, तुला धड नकाशा काढता येत नाही, येडा हायस तू. तो म्हणाला, नकाशा बरोबर हाय. मी म्हटलं, मग मशीन खोटं? त्यानं नकाशा घडी करून खिशात घातला. बारावी झाली आणि तो काकांचा ऊस बघायला आष्ट्याला गेला, तो गेलाच. त्या खेळाबद्दल दोघांत पुन्हा शब्द नाही.
वहिनीला विचारलं, जुने कागद काही आहेत का? सातबारा ठेवतात त्या ट्रंकेतून तोच नकाशा घेऊन आली. चाळीस वर्षं जमिनीच्या कागदांत ठेवलेला. "मला वाटलं जुनी मोजणी हाय," म्हणाली.

मंगळ., ११ फेब्रु.
नकाशा दादाच्या मांडीवर पसरला आणि चालायला लागले. पहिली खोली, मग वर दुसरी. वर म्हणजे उत्तर. टाकलं. तिकडं वाट नाही.
खाली गेले. वाट नाही. पुन्हा वर. वाट नाही.
अगदी तेव्हासारखंच. ओठावर आलंच होतं, दादा, चुकलाच आहे रे हा. तेवढ्यात त्यानं मांडीवर चापट मारली. मग डाव्या हातानं कागदाचा कोपरा धरला. निसटला. परत धरला. आणि कागद फिरवला, उजवीकडं, पाव फेरा.
वरची बाजू उजव्या हाताला आली.
बघतच राहिले. क्लासातलं आमचं मशीन पूर्वेच्या भिंतीला होतं. दादा सूर्य उगवतो तिकडं तोंड करून बसायचा. जे समोर तेच वर. त्याच्या नकाशात वर म्हणजे पूर्व! रानात दिशा कळणारा माणूस, शाळेच्या नकाशात वर उत्तर असते ह्याच्याशी त्याला काय घेणं? आणि मला शाळेपलीकडं काय ठाऊक होतं? नकाशा बरोबर होता. वाचणारी चुकली होती.
पूर्व टाकलं. वाट उघडली.
"दादा, मी येडी होते," म्हटलं.
"बरं," म्हणाला. आणि हसला. वाकडं तोंड, पण हसला तो! वहिनीनं पाहिलं.

शनि., १५ फेब्रु.
ज्या माणसाला चाळीस वर्षांपूर्वीच्या कागदाची वरची बाजू आठवते, त्याला समजत नाही म्हणतात.
अभीला दाखवायला वहिनीनं मोबाईल धरला. धरला की दादा नुसता मोबाईलकडं बघतो. पुठ्ठ्याला हात नाही. "बरं, बरं."
अभी म्हणाला, "आत्या, तुझा जीव आहे त्यांच्यावर, कळतं मला. पण आईकडं पण बघ. शिवरात्र आडवारी आलीय, म्हणून आधीच्या रविवारी, २३ ला येतो. गाडी घेऊनच येतो. तिथली जागा धरून ठेवलीय."
वहिनी भांडी घासायला गेली. दुपारी म्हणाली, "पोरगं माझ्यासाठीच करतंय ओ. पण मी हितं कुनाला जेवाय वाढू?"
भुयाराच्या शेवटच्या दाराशी आलोय. दगडी दार, कडी नाही, कुलूप नाही. उघड टाकलं, ढकल टाकलं. हलत नाही.

शुक्र., २१ फेब्रु.
दार हलत नाही. वहीतले सगळे शब्द संपत आले. इंटरनेटवर उत्तर असणार. बघायचं नाही ठरवलंय. दादानं पुठ्ठ्यांतून दार ओढून काढलं आणि छातीवर ठेवून झोपला. तोही सोडायचा नाही.
वहिनीनं बॅग भरली. दोन धोतरं, स्वेटर, गोळ्या. नकाशा वर ठेवला. नंतर काढून माझ्या हातात दिला. मी परत दादाच्या मांडीवर ठेवला.

रवि., २३ फेब्रु.
जसं झालं तसं लिहिते. वाढवून एक अक्षर नाही.
अकराला अभी आला. मी आणि दादा दाराशीच अडकलेले, पुठ्ठे पसरलेले. अभी उंबऱ्यातूनच म्हणाला, "बाबा, निघायचं ना पुण्याला?"
"बरं," दादा म्हणाला.
अभीनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, वाईट वाटून. महिनाभराचं सगळं त्या एका शब्दात बुडालं.
"बघू तरी काय खेळताय," म्हणत तो आत आला. पायांत बूट.
दादाचा डावा हात आडवा झाला. ताठ. अगदी अण्णांसारखा. अभी थबकला.
"च," दादा म्हणाला. थांबला. तोंड नुसतं हलत राहिलं. वहिनी मधे बोलणार होती, मी तिचा दंड धरला.
"चप्पल," दादा म्हणाला. आणि मग, "काढ."
बूट होते ते. कुणी चूक काढली नाही.
अभीनं पायांकडं पाहिलं. दाराशी माझी चप्पल, वहिनीची चप्पल. ती कधीपासून काढायला लागली, माझ्या लक्षातही आलं नव्हतं. अभी मागं सरकला, उंबऱ्यावर बसला. नाड्या सोडायला त्याला फार वेळ लागला. आमच्याकडं पाठ होती.
आत येऊन खाटेच्या कडेला टेकला. पडद्यावरचं सगळं वाचलं. मग बापाला विचारलं, मला नाही. "बाबा, ह्या दाराला काय काय टाकून बघितलंय?"
दादानं एकेक पुठ्ठा दाखवायला सुरुवात केली.
चार वाजले तरी दार उघडलेलं नाही. बॅग खाटेखाली भरलेलीच आहे. गाडी दारात. पुण्याचं नाव कुणी काढलेलं नाही, आणि मीही काढत नाही. वहिनीनं अभीला विचारलं, "र्‍हातोस का आजची रात?" तो म्हणाला, "थांब जरा, बाबा काहीतरी शोधतायत."
हे लिहायला बाहेर येऊन बसले. उंबऱ्यापलीकडं बूट, दोन चपला, आणि त्यांच्या शेजारी दादाच्या कोल्हापुरी. पाच महिने माळ्यावर होत्या. धूळ पुसून कुणीतरी आणून ठेवल्यात.