झोळीतला नाग

आबा, परवा आमच्या शाळेत नाग निघाला. शहाद्याची मुलींची शाळा, मी आता तिथे मास्तरीण आहे. मधल्या सुट्टीत सरपणाच्या ढिगामागून तो वर आला, मुली किंचाळत ओट्यावर चढल्या आणि शिपायाने गल्लीतल्या एका तरण्या माणसाला बोलावून आणलं. बाह्या सारत, सगळ्या आपल्याकडेच बघताहेत ना याची खात्री करून घेत तो पुढे झाला आणि त्याने उघडा हात ढिगाकडे नेला. "हात मांगे ले!" मी ओरडले. मुलींना दिवसभर शुद्ध बोला म्हणून दटावणारी मी, आणि ऐन वेळी तोंडातून आली ती आपल्या कोरीट गावची बोली. तो हसला. म्हणाला, "बाई, मी दरसाल धरस. काही व्हत नही." मी विचारलं, "तुन्हा घर कोन शे?" "माय शे, बायको शे." "मंग हात मांगे ले." मग आम्ही ढिगाच्या एका अंगाला मडकं आडवं ठेवलं, दुसऱ्या अंगाने लांब काठीने हळूच सरपण हलवलं आणि गप्प बसून राहिलो. वेळ गेला, पण नाग आपणहून मडक्यात शिरला. त्याला ओरखडा नाही, आम्हाला नाही. तो पोरगा बिचारा हिरमुसून घरी गेला. मी घरी आले आणि मला जेवण गेलं नाही.

तुम्हाला हे पटलं नसतं, माहीत आहे मला. जनावराला काठी लावणं तुमच्या लेखी वैर होतं. काठीने दाबलं की मणका मोडतो, मग ते झाडीत जाऊन कुजून मरतं आणि आपण मात्र जीवदान दिलं म्हणून गावभर मिरवतो, असं तुम्ही म्हणायचात. हाताला कळतं किती दाबायचं. ज्या घरात जनावर धरलं त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा तुमचा आणखी एक नेम. भर वैशाखात कुणाच्या तरी कणगीखालून नाग काढून, तो नाल्यापलीकडच्या झाडीत सोडून तुम्ही परत यायचात तेव्हा ओठ वाळलेले असायचे. मी दारातच तांब्या घेऊन उभी असे. तुम्ही आधी हात धुवायचात, मग मान मागे टाकून घटाघटा प्यायचात. तुमच्या गळ्याची ती हालचाल मी बघत राहायची. तांब्या रिकामा झाला की माझा त्या दिवसाचा जीव भांड्यात पडायचा.

आई गेल्यावर माझी वेणी तुम्हीच घालत होतात. बाप वेणी घालतो म्हणून बायका हसायच्या. तुम्ही केस इतके घट्ट ओढायचात की माझ्या भुवया वर जायच्या, आणि मी कुरकुर केली की म्हणायचात, ढिली घातली तर दुपारपर्यंत सुटेल. एकदा तुम्हाला दाखवायला म्हणून मी बांधावरच्या धामणीची शेपटी धरली. धामण बिनविषारी, हे मी तुमच्याकडूनच ऐकलेलं. तुम्ही धावत आलात, माझा हात झटकलात आणि कानाखाली एक ठेवून दिलीत. आयुष्यात तेवढीच. "हाऊ खेय नही शे," असं म्हणालात आणि माझी बोटं एकेक करून तपासलीत. मी रडत विचारलं, मग तुम्ही कसाले धरतस? तुम्ही माझा हात धरून घराकडे चालू लागलात. दुसऱ्या दिवशी वेणी घालताना मात्र तुमचा हात नेहमीपेक्षा सैल होता आणि वेणी खरंच दुपारी सुटली.

तुमचं बोट गेलं त्या नागपंचमीचा राग मला अजून येतो. नंदुरबारच्या एका मारवाडी व्यापाऱ्याच्या ओट्यावर सरकीच्या पोत्यांत घोणस निघाली होती. तुम्ही ती धरलीत, मडकं शेजारीच होतं. शेठ स्वतः हात जोडून म्हणत होता की आता सोडून या. पण सण होता, गर्दी होती, माणसं जय म्हणत होती, आणि तुम्ही तिला हातात घेऊन सगळ्या ओट्यावरून फिरवलीत. मी खांबाला धरून उभी होते. तुमचा चेहरा त्या दिवशी मला ओळखू आला नाही. नुसतं गर्दीकडे बघून हसत होतात. घोणशीने मान वळवली तेव्हाही तुमचं लक्ष लोकांकडेच होतं. सरकारी दवाखान्यात उजव्या हाताची तर्जनी मुळापासून काढली, हात महिनोन् महिने सुजलेला. पण तुम्ही वाचलात, आणि गावात बोलणं सुरू झालं की आबांना पान लागलं तरी विष चढत नाही. तुम्हालाही ते खरं वाटायला लागलं होतं. मला तीच भीती होती.

म्हणून मी शपथ घातली. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेन. चुलीपाशी तुमचा तो तुटका हात उचलून मी माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हटलं, "तुम्हीन मरी गयात ते मी कोनाजोडे ऱ्हासू?" तुम्ही दुसऱ्या हाताने चुलीतलं लाकूड आत सारलंत. मग म्हणालात, "नही लावस आते हात." आणि शब्द पाळलात. बोलावणं आलं की मडकं आणि काठी घेऊन जायचात, पण चेहरा असा की हाताने जेवणाऱ्याला कुणी चमचा दिलाय. जनावर मडक्यात शिरेपर्यंत धीर धरवायचा नाही. मी सोबत यायची आणि तुम्हाला बसवून ठेवायची. आबा, ते वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं वर्ष आहे. रात्री झोपताना मला माहीत असायचं की सकाळी वेणी घालायला तुम्ही आहात.

आणि मग कापूस वेचणीचे दिवस. गाव शेतात गेलेलं, मी ओसरीत बोंडं निवडते आहे, तुम्ही बैलाच्या खुराला औषध लावताय. शेजारची काकू छाती पिटत येते. तिची लेक बाळंतपणाला आलेली, बाळ झोळीत निजलेलं, लेक पाणी आणून बघते तर झोळीत बाळाच्या अंगावर नाग वेटोळं घालून बसलेला. "दादा, चाला! झोयीमा जनावर शे!" तुम्ही उठलात, फाटकापर्यंत गेलात आणि परत फिरलात. दारात येऊन उभे राहिलात. काकू मागून तुमचं धोतर ओढते आहे, रडते आहे, आणि तुम्ही माझ्याकडे बघताय. "सुटनी म्हन, माय," तुम्ही म्हणालात. शपथ ज्याने घातली त्यानेच सुटली म्हणावं लागतं, नाहीतर ती ज्याच्या डोक्यावर घेतली त्याला बाधते, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. तुम्ही मला बाधू देणार नव्हतात. "पोर झोयीमा शे," एवढंच पुन्हा म्हणालात. मी म्हटलं, "सुटनी." आत्ता परत येतो अशा थाटात तुम्ही जाताना म्हणालात, "भाकर टाक, मी उनूच."

मी भाकर टाकली नाही, मागे धावले. झोळीला मडकं लावता येत नाही, काठी लावता येत नाही, हे मला तेव्हाही दिसलं आणि आजही दिसतं. तिथे हातच हवा होता. तुम्ही मानेमागे अंगठा आणि मधलं बोट घातलंत, नाग उचललात, बाळ जागंही झालं नाही. पण जिथे तर्जनी हवी तिथे काही नव्हतं. नाग त्या फटीतून वळला आणि मनगटाला चावला. तुम्ही त्याला भिरकावून देऊ शकला असता. अंगणात बायका होत्या, पोरं होती. तुम्ही तसाच धरून मडक्यापर्यंत चालत गेलात, आत सोडलात, मडक्याच्या तोंडाला फडकं बांधलंत आणि मग हात बघितलात. गर्दीला दाखवण्यात घालवलेलं ते बोट, आबा! त्या एका दुपारपुरतं तरी तुमच्याकडे असतं.

बैलगाडी नंदुरबारच्या वाटेला लागली तेव्हा तुम्ही बोलत होतात. बाळ बरं आहे ना, विचारलंत. मग तुमच्या पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली. निजू नका, निजू नका, असं मी म्हणत राहिले. तुम्ही मला जवळ ओढलंत आणि माझी वेणी मुठीत धरलीत. दवाखाना दिसायच्या आधी ती मूठ सैल झाली.

पुढे काकूनेच मला वाढवलं. लग्न झालं, ते फार दिवस टिकलं नाही, नवरा तापाने गेला. मग धुळ्याला जाऊन शिकले आणि पोटापाण्याला लागले. झोळीतलं ते बाळ काकूकडेच आजोळी वाढलं, आता बाप्या झालंय, दोन लेकरांचा बाप. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लेकी माहेरी जातात तेव्हा तोच मला न्यायला येतो, प्रकाशा गावापाशी तापी ओलांडून. मला आक्का म्हणतो, वाकून पाया पडतो. आक्का, तुमच्या आबांनी माझ्यासाठी जीव दिला, असं म्हणून त्याचे डोळे भरतात, आणि मी त्याला सांगते की आबांनी बरोबर तेच केलं. खरंच बरोबर केलंत. याच्यावर मी कुणाशीही भांडेन. परवाच्या त्या पोराला मी हात मागे घ्यायला लावला आणि तुम्हाला जायला सांगितलं, या दोन्हींत मला काही चूक दिसत नाही.

आज आखाजी. तो गाडी घेऊन आलाय, अंगणात बैलांना पाणी पाजतोय, मुलीसाठी माझ्याकडून पाटी मागतोय. हा कागद मी चुलीत घालून निघणार आहे, त्याच्या हाती लागायला नको. हा जिवंत आहे याचा मला आनंद आहे, खोटं नाही सांगत. पण तुम्ही आज पुन्हा येऊन तसेच दारात उभे राहिलात, सुटली म्हण म्हणालात, तर मी लगेच काही बोलणार नाही. थोडा वेळ तुम्हाला नुसतं तिथे उभं ठेवून बघत राहीन.