कमळताईची वही

उरण, १४ नोव्हेंबर २०२५

ती. कमळताईस,
मोरूचा साष्टांग नमस्कार. भाऊजींचा गुडघा कसा आहे? मी बरा आहे; काल कितीतरी दिवसांनी झोपही लागली.

ताई, माझं एक वाक्य केवढ्याला पडलं ते आज मांडून पाहिलं. गणपतीत तुझ्याकडे न मिळालेला चहा, भाऊबीजेला तू एक शब्द न बोलता ओवाळलंस ते ताट, आणि तुझ्या गावच्या एक्केचाळीस माणसांचे रक्तदाबाच्या गोळीवाचून गेलेले तीन महिने.

वाक्य तुला पाठ असेल. ऑगस्टच्या बैठकीत, रक्तदाबाच्या पाहणीत काम करणाऱ्या बावीस जणांसमोर मी म्हणालो, "कमळताईंचे कान उतरलेत, त्यांची वही बाजूला ठेवा." तुझ्या गावात रुग्ण शेजारच्या गावांच्या दुप्पट निघाले होते. डॉक्टर सख्ख्या बहिणीला सांभाळून घेतो असं कुणी म्हणू नये, हेही डोक्यात होतं. वर शेखी मिरवली, "माझे कान मिठागरात तयार झालेत. बांधाला उंदराएवढं भोक पडलं तरी पाणी ऐकू यायचं. मी तपासलेल्या तीनशे माणसांची वही इथं आहे, तिच्यावर आपापली पारखून घ्या."

तू पिशवी उचलताना एवढंच म्हणालीस, "मोरू, दाबाच्या यंत्राचा काटा दोन-दोनच्या रेघांनी उतरतो. ठोका येतो तिथला आकडा मी लिवते." एवढे तयार कान, पण ते ऐकलं नाही.

परवा आमची आकडेवारी बघणाऱ्या जागृतीनं प्रत्येक वहीतल्या आकड्यांचे शेवटचे अंक मोजले. शून्य, दोन, चार, सहा, आठ साधारण सारखेच यायला हवेत. बाकीच्या वह्यांत नुसता शून्याचा ढीग. तुझ्या एकटीच्या वहीत पाचही सारखे. म्हणजे बाकीचे अंदाजानं लिहीत होते.

काल मशीन घेऊन स्वतः तुझ्या गावी आलो. तू बाजाराला गेली होतीस की मला बघून गेलीस, ते विचारत नाही. सोनूबाई दंडाला पट्टा बांधून घेताना म्हणाली, "मागनं तपासाया आलेली तुझी ती पोरं भसकन हवा सोडून पळतात रं. आमची कमळी मुंगीच्या पावलानं सोडते, वर बोलू पण देत न्हाय!" खरं आहे तिचं. हवा भसकन सोडली की पहिला ठोका निसटतो आणि दाब कमी भरतो.

एक्केचाळिसांपैकी अडतीस जणांचा दाब खरंच जास्त निघाला. गोळ्या सुरू केल्या. कुणाला लकवा नाही, कुणी गेलेलं नाही, सगळे हिंडतेफिरते आहेत. आजार होण्याआधी त्याला गाठा, हे मी वीस वर्षं व्याख्यानांत सांगतोय; इथं तू गाठलेला मीच सोडून दिला होता. सोनूबाईच्या ओटीवर बसूनच राहिलो. तिला वाटलं, मलाच चक्कर आली.

बुधवारी सगळ्यांना नव्यानं शिकवायचं आहे. त्याच बावीस जणांसमोर मी माझं वाक्य मागे घेईन, पण शिकवायला तू हवीस. स्टेथोस्कोप मी पहिल्यांदा तुझ्याच नर्सिंगच्या पिशवीत पाहिला होता. येशील ना? मी स्वतः न्यायला येतो.

शिकणारे बावीस नाहीत, तेवीस आहेत. जागृतीनं माझीही वही मोजली. तीनशे नोंदी, दोनशे सोळांच्या शेवटी शून्य.

तुझा शिकाऊ,
मोरू