हाडाच्या जागी काय येतं

ओडेन्स, डेन्मार्क

माय,

तुला आणि बाबांना इथूनच हात जोडून जयभीम. मी बरी आहे. वेळेवर जेवते आणि थंडीशी रोज भांडते.

तू पडलीस तेव्हा डॉक्टर म्हणाले, हाडं विरळ झाली. तू मला विचारलंस, "हाड गेलं तं त्या जागी काय आलं वं?" सगळे हसले. माझं संशोधन मात्र तुझ्या त्याच प्रश्नावर उभं आहे, माय.

उत्तर आहे चरबी. हाड घडवणारी पेशीच चरबीची पेशी होते. तिच्यातली हाडाची जनुकं गप्प होतात, चरबीची बोलू लागतात. जन्मानं कुणाचं काम कायमचं ठरत नाही, हे मी सभांमधून गरजून सांगत आले. म्हणूनच या पेशीलाही परत वळवता येईल, असं मी मानते. अजून जमलेलं नाही.

हाडावर भार पडला की त्याची जनुकं बोलती राहतात. बाबा म्हणतात, तू खाट सोडत नाहीस. पडायची भीती वाटते का?

शाळेतल्या पहिल्या भाषणात मी मधेच खाली बसायला निघाले, तेव्हा तू मागून ओरडलीस, "उभी राह्यजो, आचल! मी हाय ना!" त्या हाकेवर मी आजवर उभी आहे.

आता बाबांचा हात धर आणि विहारापर्यंत चाल. उभी राह्यजो, माय. मी हाय ना.

तुझीच,
आचल