कान आला आणि गादी गेली

दोंडाईचा,
रंगपंचमी, सन १९८७

श्री. अभिमनभाऊ यांस, मुक्काम रावेर,
तुमच्या दोंडाईच्याच्या पाहुण्याचा, म्हणजे सुपडूचा, मनापासून रामराम.

इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं पाहता इकडे खुशाल माणूस एकच आहे, आणि ती तुमची बहीण प्रमिला. सासूबाईंचे, म्हणजे आपल्या नानींचे, गुडघे कसे आहेत? (हा प्रश्न नुसता विचारायचा म्हणून विचारलेला नाही. ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.) यंदा वाऱ्यानं यावलकडच्या बागा झोपल्या असं ऐकलं, तुमची केळी उभी आहे ना? उभी असेल तर देवाची कृपा, आणि पडली असेल तर हे पत्र दोन दिवसांनी वाचा, कारण यात माझं दुःख आहे आणि एका वेळी दोन दुःखं माणसानं अंगावर घेऊ नयेत.

तुम्ही विचारलं होतं की कानाचं ऑपरेशन एकूण कितीला पडलं. जळगावच्या डॉक्टरांनी जे घेतलं ते घेतलं, त्याबद्दल तक्रार नाही. खरा खर्च वेगळाच आहे. डाव्या कानामागचे केस गेले, त्यामुळे एका बाजूनं मी सुपडूशेठ दिसतो आणि दुसऱ्या बाजूनं नुकतंच सुतक फिटलेला माणूस. जिभेची डावी बाजू गेली. आणि भांड्यांच्या दुकानाची गादी गेली. केस वाढताहेत. जीभ परत येईल असं डॉक्टर म्हणतात. गादीबद्दल त्यांना विचारलं तर ते हसले.

जिभेचं आधी सांगतो, कारण पहिलं भांडण त्यावरून झालं. चवीची एक शीर म्हणे कानातून जाते. (देवानं घर बांधताना नळ कुठून कुठे फिरवलेत, एखाद्या मिस्त्रीनं असं केलं असतं तर मी पैसे दिले नसते.) ती शीर ऑपरेशनमध्ये दुखावली, म्हणून खाल्लेल्या प्रत्येक वस्तूला पितळेची चव येते. आता मी पितळेतलाच माणूस. कल्हई नसलेल्या भांड्यातली आमटी कशी लागते हे मला कोणी शिकवायला नको. दवाखान्यातून घरी आलो, पहिला घास घेतला आणि ताट सरकवून म्हणालो, पातेल्याची कल्हई उडालीय, भांड्यांच्या दुकानदाराच्या घरी ही गत! प्रमिलानं स्वयंपाकघरातून पातेलं आणून माझ्यासमोर ठेवलं. ते स्टीलचं होतं.

माझ्या घरात स्टील, अभिमनभाऊ! तुम्हाला माहीत आहे, मी सायकलला हंडे बांधून खेडोपाडीचे बाजार करत वर आलेला माणूस. भांडं उचलायचं, बोटाच्या पेरानं वाजवायचं, आणि जोड कुठे आहे, डाग कुठे दिलाय, ते सांगायचं. स्टीलला आवाजच नाही. वाजवलं तर ते खोकतं. म्हणून माझ्या दुकानात स्टील मागच्या फळीवर, तोंड भिंतीकडे करून असायचं. आता ते पुढे आलंय आणि माझी घंगाळं मागे गेलीयेत.

हे सगळं कसं घडलं ते नीट सांगितलं पाहिजे. कान माझा वाहत होता, एवढीच तक्रार होती. ऐकायची तक्रार माझी कधीच नव्हती, हे डॉक्टरांनाही मी पहिल्याच दिवशी बजावलं. त्यांनी दोन दातांचा एक काटा वाजवून कानाशी धरला, कागदावर काही उतरत्या रेषा काढल्या आणि म्हणाले, पडद्याला जुनं भोक आहे, बुजवायला हवं. मी म्हणालो, बुजवा, पण ऐकणं आहे तसंच राहू द्या, माझा सगळा धंदा त्यावर आहे. ते का कोण जाणे, प्रमिलाकडे बघायला लागले.

धंदा कसा, ते तुम्ही घरचे म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका. आंदणाची भांडी घ्यायला खेड्यावरची मंडळी येते ती पाच-सात जणांची येते. मुलीचा बाप, मामा, आजी, एखादी फटकळ काकू. मी वजन करतो, भाव सांगतो. मग आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे मंडळी पायरी उतरून समोरच्या कडुनिंबाखाली जातात आणि आपसात ठरवतात, कुठवर जायचं. त्या वेळी मी वहीत मान घालतो आणि डावा कान उघडा ठेवतो. (उजव्या बाजूला भिंत आहे.) रस्त्याच्या पलीकडे कडुनिंबाखाली केलेली कुजबुज गादीवर बसून शब्दन् शब्द ऐकणारा माणूस दोंडाईच्यापासून धुळ्यापर्यंत दुसरा नाही. मंडळी वर येतात, मी हिशेब केल्यासारखं करतो आणि नेमका त्यांच्या मनातला आकडा सांगतो. गिऱ्हाईक माझ्याकडे वळतं ते वळतंच. म्हणतात, सुपडूशेठ म्हणजे देवमाणूस. मी हात जोडतो. असा हा कान! तो दुरुस्तीला कोण खुशीनं टाकेल?

ऑपरेशन झालं. डोक्याला फेटा बांधल्यासारखी पट्टी. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, नाक शिंकरायचं नाही, ओझं उचलायचं नाही, डोक्यावर पाणी घ्यायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही आणि डाव्या कुशीवर झोपायचं नाही. आता उजव्या कुशीवर झोपलं की चांगला कान उशीत आणि दुरुस्तीचा कान कापसाच्या बोळ्यात. म्हणजे सगळं जग बंद. घरात भांडं पडलं तर मला फक्त लोकांची तोंडं दिसतात. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी न थकता सांगितलं की आता माझा कान पहिल्यापेक्षा दुप्पट तिखट होणार, पडदा नवा कोरा आहे. (धंद्यात जाहिरात लागते.) माणसं मोसंबी ठेवून गेली आणि ही बातमी घेऊन गेली.

आणि गादीवर कोण बसणार हा प्रश्न आला तेव्हा तुमची बहीण म्हणाली, "मी बसते. लग्नसराई काय तुमच्या कानासाठी थांबणारे?" मला वाटलं, बसू दे. दोन दिवसांत वजनकाट्याला हात जोडून परत येईल.

आमच्या जिन्याच्या मधल्या पायरीवरून गादी दिसते, हे तुम्हाला आठवत असेल. माझा मुक्काम आता त्या पायरीवर असतो. ऐकू काही येत नाही, दिसतं मात्र सगळं. बायका येतात, दुकानात बसतात. बसतात, अभिमनभाऊ! माझ्या वेळी उभ्या असायच्या. चहा येतो. एक म्हातारी माझ्या कपातून चहा पिते. मधेच सगळ्या एकदम हसतात. कशाला हसतात? माझ्या दुकानात इतक्या वर्षांत हसण्यासारखं काही घडलेलं नाही. रुपचंद, आपला जुना नोकर, तोंडावर हात धरून हसतो. तो माझ्या एकाही विनोदाला हसलेला नाही, आणि मी चांगले केले होते.

या रुपचंदाचं आणखी एक. माझ्याशी तो कायम ओरडून बोलतो. मी म्हणायचो, खेड्यातला माणूस, बांधावरून बांधावर हाका मारायची सवय. आपल्या खानदेशात लोक मुळात मोठ्यानंच बोलतात. तुम्ही रावेरचे तर विशेषच, तुम्ही आलात की मला दिवाणखान्यात नाही तर रेल्वे फाटकावर बसल्यासारखं वाटतं, राग नसावा. पण हाच रुपचंद प्रमिलाशी खालच्या आवाजात बोलतो. तिच्याकडे वाकून! मी पायरीवरून पाहिलंय. मालकाशी ओरडायचं आणि मालकिणीशी हळू बोलायचं, याचा अर्थ काय लावायचा?

त्यात शालिग्राम आला. हा जळगावचा स्टीलच्या भांड्यांचा एजंट. टेरिलीनचा शर्ट, खिशाला दोन पेनं, केसांना तेल इतकं की परातीत तळण होईल. माझ्या वेळी मी त्याला पायरीवरूनच परत पाठवायचो. आता तो गादीच्या कडेला टेकतो आणि डबे उघडून दाखवतो. प्रमिला एक डबा उचलून त्यात स्वतःचं तोंड बघते आणि पदर नीट करते. हे मी पाहिलं त्या दिवशी मला शिंक आली आणि तोंड उघडं ठेवायचं मी विसरलो. कानात जे काही झालं त्याचं बिल खरं म्हणजे शालिग्रामला पाठवायला हवं.

मी तिला विचारलं, तू भाव कसा ठरवतेस? तुला तर कडुनिंबाखालचं ऐकू येत नाही. ती म्हणाली, "मी विचारते त्यांना." काय विचारतेस? "बाई, तुना मनमा काय शे ते सांगी टाक, मंग दोन्ही मिळीसन पाहू." आणि मनातलं सांगतात? "सांगतात की. मुलीचा स्वभाव, सासूचा स्वभाव, सगळं सांगतात. मग मी सांगते, हंडा एकच घे, उरलेल्यात डबे घे, पोरीच्या कामाला येतील." अभिमनभाऊ, मी उभं आयुष्य कान टवकारून जे मिळवलं ते ही बाई नुसतं विचारून मिळवते! आणि गिऱ्हाइकं जाताना मान वर करून माझ्या पायरीकडे बघतात आणि बरं आहे ना, अशी खूण करतात. दुकान माझं, पाटी माझी, आणि खूण मला करतात, जशी घरातल्या म्हाताऱ्याला करतात.

आज रंगपंचमी. गल्लीत सगळे ओले आहेत. मला पाण्याची मनाई, म्हणून मी कापूस घालून पायरीवर कोरडा बसून हे लिहितोय. समोर तुमची बहीण दुकानाला कुलूप लावून आली, कपाळभर गुलाल, आणि तशीच हसत वर गेली. चांगली दिसत होती. तेवढ्यासाठीच जास्त राग आला.

नानींना नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचाच,
सुपडू

ता. क. पत्राचं खरं काम लिहायचं राहिलंच. नानींचे गुडघे दुखत नसले तर दुखायला हवेत. तुम्ही एक साधं कार्ड टाका की नानींना उठवत नाही, प्रमिलास महिनाभरासाठी पाठवणे. तार नको. तार पाहून ती रडेल आणि मग मीच खरं सांगून टाकेन. ती रावेरला आली की तिला केळीच्या बागा दाखवा, वरण-बट्टी खाऊ घाला, पण लवकर सोडू नका. तेवढ्या दिवसांत माझा बोळा निघेल आणि मी गादी ताब्यात घेईन. शालिग्रामची व्यवस्था मी करतो.

ता. क. दुसरा. वरचं पत्र रुपचंद टपालात टाकणार होता. ते आठ दिवस त्याच्या खिशातच राहिलं. आज त्याच्याकडून परत घेतलं आणि हे जोडतोय. परवा जळगावला बोळा निघाला. डॉक्टरांनी काटा वाजवला आणि मी दचकलो, तसे ते खूश झाले. म्हणाले, पडदा धरला, आता वर्षानुवर्षं ऐकलं नसेल तसं ऐकाल. पॅसेंजरमध्ये येताना मला शेजारच्या बाईच्या बांगड्या ऐकू आल्या. काल सकाळी आंघोळ करून गादीवर बसलो. प्रमिला आत गेली. खेड्यावरची मंडळी आली, आंदणच होतं. मी भाव सांगितला, मंडळी पायरी उतरली, मी वहीत मान घातली. नव्या कानानं काय ऐकलं म्हणाल तर टांग्याच्या घोड्यानं झटकलेली मान, पलीकडच्या गिरणीचा पट्टा, कडुनिंबाचा पाला. आणि मंडळी? आजीनं मामाच्या कानाला तोंड लावलेलं, मधे उपरणं आडवं धरलेलं! मग काकू वर आली आणि मला म्हणाली, "शेठ, आते बठ्ठं आयकू येस ना तुमले? चांगलं झायं." मला सगळं ऐकू येतं याची अशी खात्री करून घेतली, आणि असा भाव मागितला की माझी मतीच गेली. मनात काय आहे तेच कळेना. मंडळी दुसऱ्या दुकानात गेली. दुपारपर्यंत आणखी दोघांनी तेच केलं.

जेवताना मी प्रमिलाला म्हणालो, आपल्या लोकांना कुजबुजायची सवय कधीपासून लागली? ती म्हणाली, "तुमचा कान बरा झाल्यापासून." मग वाढता वाढता तिनं सांगितलं. सगळ्या तालुक्याला म्हणे माहीत होतं की सुपडूशेठला ऐकू येत नाही, म्हणून लोक माझ्यासमोर घरातलं बोलायला बिचकत नसत. आणि बहिरा असून मनातला भाव ओळखतो, म्हणून देवमाणूस. मी विचारलं, तुला हे कधीपासून ठाऊक? म्हणाली, "लग्न झालं त्या वर्षापासून." मग सांगितलं का नाहीस? "दुकान बरं चाललं होतं ना."

तेव्हा नानींचे गुडघे कृपा करून बरे करा आणि कार्ड टाकू नका. गादीवर तीच बसेल, मी वजनकाटा सांभाळीन. शालिग्रामला हे मान्य आहे. तो आता मलाही हळू आवाजात नमस्कार करतो, आणि मला तो ऐकू येतो, याचं दुःख वेगळंच. पुढच्या वेळी तुम्ही आलात तर हळू बोला. आणि वर मी कडुनिंबाखालच्या कुजबुजीचं जे लिहिलंय, ते खोडायला आता जागा नाही. ते लोक कुजबुजत नव्हते. ओरडत होते.