अंगठ्याखालची भरती

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (या वेळी कागदावरच घे. उजवा गुडघा शनिवारपासून वाकत नाही, त्याची हकीकत खाली येईलच.) तुझी पाठ कशी आहे? भावजींचा खोकला गेला, की अजून पहाटे खोकून सगळी गल्ली उठवतात? आम्ही इकडे ठीक. ही मजेत आहे. दर बुधवारी कपडे वाळत घालायला म्हणून गच्चीवर जाते आणि तुझ्या घरी तासभर फोनवर बोलते. मला काही कळत नाही असा तिचा समज आहे आणि तो मी अजून मोडलेला नाही.

तुझ्या माडीवर राहणाऱ्या व्यक्तीची मी चौकशी करणार नाही. आमच्या टिटवीने (हे नाव तूच ठेवलंस, जन्मली त्या दिवशीचं रडणं ऐकून) बंदर कचेरीतली, माझ्या शेजारच्याच टेबलाची पक्की नोकरी नाकारली, गिटार उचलली आणि घर सोडलं, त्याला आता सात महिने झाले. जाताना म्हणाली, "तुमच्या पाण्याला वेळापत्रक असेल, मला नाही." मी म्हणालो, मग यापुढे माझ्याशी बोलायचीही गरज नाही. जन्मात माझं एक ऐकलं असेल तर हेच. सात महिने अक्षर नाही! माझ्याकडूनही नाही म्हणा, पण मी बाप आहे, मला तेवढा हक्क आहे.

तर शनिवारी मी समुद्रकिनाऱ्यावर गाण्याच्या कार्यक्रमाला गेलो होतो. ताई, गैरसमज नको. तिला बघायला नव्हतो गेलो. स्टेज बुडताना बघायला गेलो होतो.

त्याचं असं झालं. या मंडळींनी कार्यक्रमाला पौर्णिमा निवडली. का, तर मागे चंद्र उगवताना छान दिसतो! आता पौर्णिमेला उधाणाची भरती असते हे किनाऱ्यावरच्या खेकड्यालाही कळतं, पण खेकडे गिटार वाजवत नाहीत. ओहोटीला, भर दुपारी एक वाजता, कोरडी वाळू बघून यांनी स्टेजच्या खुंट्या ठोकल्या. मी पंधरा दिवस आधीपासून तीन पत्रं पाठवली होती, कचेरीच्या शिक्क्यानिशी, की पाणी संध्याकाळी सहा वाजून बेचाळीस मिनिटांनी स्टेजच्या पायरीला लागेल. तिन्ही पालथ्या घड्यावर पाणी. आयोजक म्हणून जो गुलाबी चष्म्याचा प्राणी फिरत होता, त्याला विचारलं तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ, एन्जॉय करा." एकतीस वर्षं मी भरतीची नोंद ठेवतोय. माझं पुस्तक बघितल्याशिवाय बंदरातलं जहाज दोर सोडत नाही. आणि हा म्हणतो एन्जॉय करा! म्हटलं ठीक आहे, करतो. घरून घडीची खुर्ची नेलीच होती. पहिल्या रांगेत टाकली, मांडीवर घड्याळ ठेवलं आणि पाण्याची वाट बघत बसलो.

हे लोक जे वाजवतात त्याला 'सर्फ-पॉप' म्हणतात. म्हणजे फळी घेऊन लाटेवर उभं राहणाऱ्यांचं गाणं. ज्यांनी वाजवलं त्यांतल्या एकानेही फळीवर पाय ठेवलेला नाही. पहिल्या बँडचा ड्रमवाला तर वाळू चटका देते म्हणून मोजे घालून आला होता. वर हे सगळे 'इंडी' आहेत. इंडी म्हणजे स्वतंत्र, असं शेजारच्या पोरीने समजावलं. म्हणजे ज्यांना कोणीच विचारत नाही ते. (या व्याख्येने तुझे धाकटे दीर जन्मापासून इंडी आहेत.) वाद्यं बरी असतील, पण सगळ्या आवाजावर असा काही घुमारा चढवतात की गाणारा विहिरीत पडलाय आणि काढायला आलेल्यांनी वरून आणखी गिटारी टाकल्या आहेत असं वाटतं. शब्द तीनच: लाट, ऊन आणि तू. चौथा शब्द 'ऊऊ'.

चारचा कार्यक्रम चार पन्नासला सुरू झाला. त्याआधीची पन्नास मिनिटं नुसतं "हॅलो, चेक, चेक." नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, इथे माइक वाकडा, वायर वाकडी, वारा वाकडा, शेवटी सूर्यसुद्धा डोळ्यांवर येतो म्हणून वाकडा. पहिला बँड आटोपला. दुसऱ्यात एक टोपीवाला गायक होता, तो गाण्यापेक्षा गाण्याआधीच जास्त बोलायचा. हे गाणं मला आंघोळ करताना सुचलं, ते गाणं आंघोळ न केल्यामुळे सुचलं. उथळ पाण्याला खळखळाट फार! मी आपला खूश होतो. जितका वेळ घालवाल तितकं पाणी जवळ.

आणि मग स्टेजच्या कडेला मला टिटवी दिसली.

ठरल्याप्रमाणे तिचा बँड साडेपाचला उभा राहायचा होता. पावणेसहा झाले तरी टोपीवाला बोलतच होता. ती गिटार गळ्यात अडकवून पायरीपाशी उभी होती, केस कानामागे सारत. (घाबरली की सारते. शाळेत गणिताच्या पेपरला दोन्ही कान लाल झाले होते.) तिचा हा पहिलाच जाहीर कार्यक्रम, हे मला कचेरीतल्या शिपायाकडून कळलं होतं, मी विचारलं नव्हतं. मी मनात मांडणी केली. टोपीवाल्याची अजून सहा गाणी, सहा भाषणं, मग सामानाची उचलाउचल. म्हणजे ती माइकपुढे उभी राहील तेव्हा घोट्यापर्यंत पाणी असेल आणि जनरेटरवाला वीज तोडेल. पोरगी सात महिने ज्याच्यासाठी घराबाहेर आहे ते गाणं तिला गायलाच मिळणार नाही. मी जे बघायला खुर्ची टाकून बसलो होतो ते हेच होतं, ताई.

यापुढचं तुला म्हणून सांगतो, कचेरीत कोणाला कळलं तर तोंड दाखवायला जागा नाही. मी उठलो, गुलाबी चष्म्याला गाठलं, पिशवीतून भरतीचं पुस्तक काढलं, त्या दिवसाचं पान उघडलं, छापलेल्या वेळेवर अंगठा ठेवला आणि म्हणालो, "पाणी सहा दहाला येतंय. या टोपीवाल्याला आत्ता खाली उतरवा." एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी भरतीबद्दल खोटं बोललो! बायकोशी बोललोय, साहेबांशी बोललोय, तुझ्याशी तर लहानपणापासून बोलतोय. भरतीबद्दल कधीच नाही.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. ज्या गाढवाने तीन खरी पत्रं उघडली नाहीत त्याने हे एक खोटं लगेच गिळलं. टोपीवाल्याला उतरवलंच, वर माइक हातात घेऊन जाहीर केलं की बंदर कचेरीचा इशारा आहे, कार्यक्रम संपला, सगळ्यांनी निघावं. संपला! लोक उठले, चपला शोधू लागले. मी त्याचा हात धरून म्हणतोय, अहो संपवा नाही म्हटलं, उतरवा म्हटलं! ऐकतो कोण. आगीतून काढून मी पोरीला फुफाट्यात टाकलं होतं.

तेवढ्यात ती स्वतःच माइकपाशी गेली. तुला आठवतं का, ती सहा-सात वर्षांची असताना मी तिला कचेरीत स्टुलावर उभी करायचो? उद्याच्या वेळेवर अंगठा ठेवायचो आणि आजच्या वेळेवरून तिला काढायला सांगायचो. तिचं उत्तर आलं की अंगठा उचलायचो. चार-पाच मिनिटांपलीकडे कधी चुकली नाही. तर ती माइकवर म्हणाली, "बसा सगळे. पाणी सहा बेचाळीसला येतं. आमची गाणी पाच आहेत, बावीस मिनिटांत होतात. आणि समोर ते पुस्तक घेऊन उभे आहेत ना, त्यांना अंगठा उचलायला सांगा."

दोनशे माणसं माझ्याकडे बघत होती. उचलला.

लोक बसले. वायरी जोडून गाणं सुरू होईपर्यंत सव्वासहा झाले. तिच्या गाण्यांबद्दल काय सांगू? त्यातही घुमारा, त्यातही ऊऊ. पहिलं गाणं भिकार, दुसरं त्याहून. ड्रमवाली पोरगी बरी आहे, तिला वेळ कळते. पण कोणी उठलं नाही हे खरं. टिटवीही समुद्र आटवते म्हणतात. आटवला नाही, पण सहा बेचाळीसपर्यंत थांबवून धरला. सहा अडतीसला जनरेटरवाल्याने वीज तोडली तेव्हा शेवटच्या गाण्याचं एक कडवं राहिलं होतं. ते तिने माइकशिवाय गायलं आणि लोक ऐकायला पुढे सरकले. बेचाळीसला पाणी पायरीला लागलं. (चव्वेचाळीसला, खरं तर. दोन मिनिटं वाऱ्याची.) मग एकच पळापळ. मी आणि टोपीवाल्याने मिळून मोठा ड्रम डोक्यावर धरून वर नेला. आम्ही गुडघाभर पाण्यात, आणि त्याचं तोंड तेव्हाही चालूच. त्यातच माझा पाय खड्ड्यात गेला, गुडघ्याचं मूळ ते. खुर्ची गेली. टिटवी समोरून स्पीकर उचलून येत होती. माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "बाबा, चप्पल वाहून चालली तुमची." सात महिन्यांनंतरचं पहिलं वाक्य! आणि मी काय बोलावं? "ओहोटीला मिळेल." बस. घरी येईपर्यंत बरीच चांगली वाक्यं सुचली, ती सगळी हिला ऐकवली.

असो. एकूण कार्यक्रम टाकाऊ होता. भावजींना नमस्कार, खोकल्यावर मध घ्यायला सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. चप्पल मिळाली. एकच, आणि ती दुसऱ्याच कोणाची तरी आहे.

ता. क. २ तिसरं गाणं बरं होतं. त्यात स्टुलाचा काहीतरी उल्लेख होता, पण घुमाऱ्यामुळे पुढचे शब्द लागले नाहीत. तिच्याकडून लिहून घे आणि पाठव. मला हवेत म्हणून सांगू नकोस, भावजींना हवेत म्हण.

ता. क. ३ तिचे पुढचे चार कार्यक्रम याच किनाऱ्यावर आहेत असं कळतं. सोबतच्या चिठ्ठीत त्या चार दिवसांच्या भरतीच्या वेळा लिहिल्या आहेत. तुझ्या हाताने उतरवून दे, माझं अक्षर ओळखेल. चौथ्या दिवसाची वेळ मुद्दाम लिहिलेली नाही, तिथे शाईचा अंगठा उमटवलाय. तो मात्र उतरवू नकोस, कापून जसाच्या तसा चिकटव. तुझ्याकडची भरतीच्या पुस्तकाची प्रत तिच्या हाती लागू देऊ नकोस. तिचं तिला काढू दे, आणि उत्तर बरोबर आहे का हे बघायला कचेरीत यावं लागेल असं सांग. स्टूल अजून तिथेच आहे.