चार बोटांची पट्टी

मालवण,
दि. ८ नोव्हेंबर १९६६

चि. कावेरी हीस,

तुझं दिवाळीचं कार्ड पोचलं. माझी प्रकृती ठीक आहे. निवृत्तीनंतर सकाळ रिकामी असते, एवढाच फरक. श्रीपादरावांची बदली टळून तुम्ही बेळगावातच राहिलात, बरं झालं. थंडीत तुझा गुडघा दुखतो का, ते तू कधी लिहीत नाहीस. मीही कधी विचारलं नाही.

वाचनालयाच्या माडीवर गावच्या जुन्या वस्तूंचं लहानसं संग्रहालय झालं आहे. तोफेचे गोळे, देवमाशाचा मणका, एक ताम्रपट. तुझा धावण्याचा गणवेशही त्यांनी मागितला. मी ट्रंकेतून काढून घडी न उघडता दिला.

रविवारी उद्घाटन झालं. काचेच्या कपाटात तुझं बनियन आणि निळी चड्डी टाचून लावली आहे. खाली चिठ्ठी: 'ऐंशी मीटर अडथळ्यांची शर्यत, कोल्हापूर, १९५७. प्रथम क्रमांक मिळवला तेव्हाचा गणवेश.' वाचनालयाचे दत्ताराम मला म्हणाले, "बघा बाई, कशी मर्यादशीर चड्डी! आताच्या शाळेतल्या चेडवांक आणून दाखवूक होयी."

कोल्हापूरला ती चार बोटं आखूड होती. हे कालपर्यंत तुला आणि मलाच ठाऊक होतं.

पट्टी मी लावली, पुढच्या वर्षी तू पुण्याच्या शर्यतीला जाण्याआधी. कापड वर सरकू नये म्हणून घेरही कमी केला. तू विचारलंस, "आत्ये, ही लांब कित्याक केलंस गो?" मी सांगितलं, संघटनेचा नवा नियम आला आहे. तू हसलीस. "नियम करणारो सोता लुगडा नेसान धावता काय?" आणि घालून गेलीस. माझ्या शब्दावर शंका घ्यायची तुला सवय नव्हती.

असा नियम आलाच नव्हता. तो मी केला होता. नियम करणारी लुगडंच नेसत होती.

माझ्या शाळेच्या समितीतले एक गृहस्थ मला म्हणाले होते, "तुमचा चेडू उघड्या मांड्यांनी धावता, आणि आमच्या चेडवांक तुमी शिस्त शिकवतल्यात?" मुख्याध्यापिकेची जागा त्या जूनमध्ये रिकामी व्हायची होती. ती मला मिळाली.

तुझ्यासोबत गेलेल्या लीलाबाईंनी आल्यावर सांगितलं, तिसऱ्या अडथळ्यावर पाय पुरता उचलला गेला नाही, आणि तू गुडघ्यावर पडलीस. मी त्यांना चहा दिला. बाकीच्या मुलींच्या चड्ड्या तू मैदानावर पाहिल्याच असशील. लंगडत घरी आलीस, आणि मला एका शब्दाने विचारलं नाहीस. मी तुला जेवायला वाढलं.

काल कात्री घेऊन वाचनालयात गेले. दत्ताराम म्हणाले, "बाई, हयच्या वस्तूक हात लावूचो नाय. नियम आसा."

"कोणी केला?"

"मियाच केलंय."

"मग उघडा कपाट."

दोन्ही पायांची शिवण उसवली. माझी शिवण बारीक, वेळ लागला. दत्ताराम बाजूला उभे राहून म्हणत होते, "बाई, गावचो मान आसा तो." मी त्यांना पुण्याची हकीकत सांगितली. पट्टीखालचं कापड अजून गडद निळं आहे. सुईची भोकं मात्र राहिली. ती इस्त्रीने जायची नाहीत. मला रडू आलं नाही. घरी येऊन पेज जेवले.

चिठ्ठी आता खरी झाली आहे, पण अर्धीच. तिच्याखाली पुण्याची ओळ घालावी, आणि पट्टी कोणी लावली ते माझ्या नावानिशी लिहावं, असं मला वाटतं. शर्यत तुझी होती, म्हणून तुला विचारल्याशिवाय लिहिणार नाही. हो किंवा नाही, एवढं कळवलंस तरी पुरे.

पट्ट्या या पाकिटात घातल्या आहेत. त्यांचं काय करायचं ते तू ठरव.

पत्राच्या आरंभी आशीर्वाद लिहिलेले नाहीत, ते विसरून नव्हे.

तुझी आत्या,
यशोदा